खांबावरच्या सहा रेघा

२८ ऑक्टोबर. सकाळी उणे चौदा.

जुलुस,

प्रोकोपीदादाचा आशीर्वाद. घ्यायचा नसला तर पाकिटात परत घालून ठेव, पुढेमागे उपयोगी पडेल.

पाच वर्षांतलं हे पहिलं पत्र. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, म्हणून आईने कागद आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "कागद काही आपटता येत नाही. लिही." काय लिहू विचारलं तर म्हणाली, हवापाणी लिही, त्यावरून कुणाची भांडणं होत नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली तरी तिला आपले दोघे मुलगे कळलेले नाहीत.

तर हवापाणी. नदी सोळा तारखेपासून गोठून थांबायला लागली. बोटी बंद झाल्या, बर्फावरचा रस्ता अजून व्हायचाय, त्यामुळे महिनाभर आपण या काठाचे आणि जग त्या काठाचं. तळं मात्र हातभर गोठलंय. काल आईच्या पिण्याच्या पाण्याचा बर्फ काढला. करवतीच्या दुसऱ्या टोकाला पूर्वी तू असायचास. यंदा मोटरची करवत नेली. ती वाद घालत नाही, पण मधेच थांबून तंबाखूही मागत नाही, त्यामुळे काम भलतंच लवकर आटपलं आणि मी तळ्यावर नुसता उभा राहिलो. एकोणतीस लाद्या अंगणात रचल्यात. आईने पहिली लादी भट्टीजवळच्या पिंपात टाकली, वितळलेलं पाणी चाखलं आणि गेल्या वर्षीपेक्षा गोड आहे म्हणाली. हे ती दर वर्षी म्हणते.

घर आणखी कललंय. तोच भट्टीकडचा कोपरा. सूप ताटलीत एका काठाला जमतं, म्हणून आई ताटलीखाली लाकडाची चकती सारते. बाकी घर उबदार आहे. तिचे पाय गार पडत नाहीत, तेवढी सोय मी केलेली आहे. घराखालच्या खांबांबद्दल मी काही बोलत नाही. जे बोलायचं ते तेव्हाच बोलून झालंय.

तुझा, प्रोकोपी


९ डिसेंबर. उणे सत्तेचाळीस.

जुलुस,

धुकं इतकं दाट की समोरून येणारा माणूस खोकल्यावरून ओळखायचा. लहान पोरांची शाळा बंद आहे आणि बंद असल्याच्या आनंदात ती दिवसभर बाहेर खेळतात. मी सप्टेंबरात गावाला ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघरातून निवृत्त झालो. तरी रोज सकाळी तिथे जातो, काटे बघतो, नव्या लोकांना दोन शब्द सुनावतो आणि परत येतो. ते मला चहा देतात, म्हणजे अजून हाकलत नाहीत.

एक वाईट बातमी आहे. कलतं घर तपासायला दोन इंजिनियर आले होते. त्यांनी बाहेरूनच यंत्र लावलं, कागद केला. पुढच्या शरदात घर पाडायचं आणि आईला चौथ्या मजल्यावर एक खोली द्यायची, असं ठरलंय. आईने त्यांना धिरडी खायला घातली आणि विचारलं, "चौथ्या मजल्यावर विस्तवाला घास कुठे देऊ? रेडिएटरला?" दोघंही पोरगेलेसे, खाली मान घालून खात राहिले. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "जुलुसला बोलाव. घर त्याने उभं केलंय, तोच सरळ करील."

मी म्हटलं, "आई, त्याने नीट उभं केलं असतं तर सरळ करायची वेळ आली नसती." तिने माझ्यापुढची ताटली उचलून नेली.

आता तूच सांग, मी काय चूक बोललो? खांब पुरायच्या आधी खालच्या टोकापासून मोजत त्यावर रेघा कोरायच्या, पहिल्या मीटरला एक, दुसऱ्याला दोन, ही पद्धत तुझीच. खांब जमिनीत शिरतो तिथे जितक्या रेघा, तितके मीटर आत. सहा हव्या होत्या. मी खाली जाऊन मोजल्या त्या चार होत्या, आणि खांब पुरणाऱ्या स्पिरिदोन मुकादमाच्या अख्ख्या टोळीसमोर मी ते सांगितलं. सांगितलं नसतं तर उद्या आणखी कुणाचं घर कललं असतं. घर बांधलं त्या वर्षी तू पीत होतास, हे तू स्वतः कबूल केलंस. पुन्हा खांबाला हात लावणार नाही म्हणून तू दक्षिणेला निघून गेलास, तो तुझा निर्णय. द्राक्षांना पाणी घालायला मी तुला पाठवलेलं नाही.

हे सगळं लिहायचं नव्हतं. हवेबद्दल लिहायला बसलो होतो. 

प्रोकोपी


२१ जानेवारी. उणे बावन्न.

जुलुस,

आज सकाळी अंगणात पहार टेकवली आणि तिचं टोक मोडलं. लोखंडाची ही गत, माणसाचं काय सांगू. बाजारात दूध गोठवलेल्या चकत्यांनी मिळतंय. शेजारच्या ल्युकेर्याने धुतलेली चादर दोरीवर टाकली ती फळीसारखी दारातून आत घेताना मोडली, आणि ती बाई चादरीला अशा शिव्या देत होती की गल्लीतल्या लोकांनी खिडक्यांशी येऊन ऐकल्या. एवढीच करमणूक.

आईच्या मोरीचं पाणी घराखाली गळत होतं. मी पोटावर सरकत खाली गेलो. फळ्यांमागचा भुसा भिजून चिकट झाला होता. तो सगळा काढून नवा भरला, वर लोकरीचा जाड नमदा ठोकला. एकसष्टाव्या वर्षी, उणे बावन्नात, उताणं पडून खिळे मारलेत, हे तुझ्या द्राक्षवाल्यांना सांग. बाहेर बावन्न होतं आणि खाली मला अंगातला कोट काढावा लागला, इतकी ऊब आहे. आईला मोजेसुद्धा लागत नाहीत. मुलगा जवळ असल्याचा तेवढा तरी फायदा.

तिला खोकला आहे. काळजीचं नाही. तुझ्याबद्दल विचारते.

प्रोकोपी


१२ मार्च. उणे चोवीस.

तुझं कार्ड मिळालं. समोर समुद्र, मागे दोनच शब्द: "कुठल्या फळ्या?"

पाच वर्षांनी भाऊ भावाला लिहितो ते हे. ना 'बरा आहेस का', ना 'आईचा खोकला कसा आहे'. फळ्या म्हणजे फळ्या. घर म्हटलं की फळ्या असतातच.

इकडे ऊन फार आहे. बर्फावरून डोळ्यांवर येतं. जास्त वेळ लिहवत नाही.


१९ एप्रिल. दुपारी अधिक दोन.

जुलुस,

महिनाभर तुझं कार्ड भट्टीवरच्या फळीवर आहे. आईने समुद्राची बाजू बाहेर ठेवलीय. मी येता-जाता उलटं करतो, ती परत सुलटं करते. तिला मागचं वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा मी लपवून ठेवलाय. इथपर्यंत मी उतरलोय.

आज पागोळ्या गळायला लागल्या. यंदा पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, आता लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

घराखाली वारा खेळता ठेवायचा असतो. हे मी तुला सांगायचं म्हणजे विनोदच. थंडी खालून गेली की जमीन दगड होते आणि खांबाला धरून ठेवते. आपल्याकडे घराच्या पायाला ऊब लावत नाहीत, हे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. पण घर झालं त्या पहिल्या हिवाळ्यात आई म्हणाली, "घर छान झालंय, फक्त पाय गार पडतात." बस. तीस वर्षं मी गावाला ऊब पुरवली आणि माझ्या आईचे पाय गार. बाहेरून खांबांभोवतीची तुझी जाळीची पडदी तशीच ठेवली आणि आतून सगळीकडे फळ्या मारल्या, मागे भुसा, वर नमदा. एक हिवाळा ठेवू म्हटलं. वसंतात काढीन म्हटलं. मग आईने मोजे काढून ठेवले आणि अनवाणी चालायला लागली, लहान मुलीसारखी, फरशीवर टाच आपटत. मला ते काढवेना.

तीन वर्षांनी कोपरा खचला. मला त्याच दिवशी कळलं का खचलाय ते. त्या दिवशी मी खरं बोललो असतो तर फळ्या काढायच्या, दोन हिवाळे जमीन गोठू द्यायची, आणि कोपरा उचलून घ्यायचा, एवढंच काम होतं. पण स्पिरिदोनची माणसं कंदील घेऊन खाली शिरायला निघाली होती. खाली गेली असती तर त्यांना भुसा दिसला असता. बॉयलरवाल्या प्रोकोपीने आईच्या घराखालची जमीन वितळवली, हे गावाला दहा वर्षं हसायला पुरलं असतं. मी खाली शिरायच्या वाटेत आडवा आलो. म्हटलं, तुम्ही कपडे कशाला खराब करता, मी पाहून आलोय, चार रेघा आहेत.

मी पाहिलंच नव्हतं, असं लिहिणार होतो. तेही खोटं. मी आदल्या दिवशी खाली गेलो होतो, टॉर्च घेऊन. सहा होत्या. दोनदा मोजल्या.

तू आठवड्याने खाणीवरच्या कामाहून परत आलास. मी तयारीत होतो. तू ओरडशील, मला ढकलून खाली शिरशील, आणि सगळं उघडं पडेल. खरं सांगतो, मला तसं हवंही होतं. पण तू एवढंच म्हणालास, "दादाने मोजल्यात ना? मग चारच असतील. त्या वर्षी मी शुद्धीत नव्हतो." आणि वाकलाही नाहीस. तू माझ्यापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवलास, आणि मी तो ठेवू दिला. तुझ्या हातातलं काम मी काढून घेतलं, जुलुस. नुसतं गावासमोर नाही, तुझ्या स्वतःसमोर.

जानेवारीत फळ्यांचं लिहून गेलो ते चुकून, असं मी महिनाभर स्वतःला सांगतोय. आता वाटतं, कुणीतरी विचारावं म्हणूनच लिहिलं असेल.

सगळ्या फळ्या काल काढल्या. माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

प्रोकोपी


२४ मे. अधिक नऊ.

जुलुस,

नदी एकवीस तारखेला फुटली. नेहमीसारखं सगळं गाव काठावर. बर्फाचे तुकडे घराएवढे, एकमेकांवर चढत, दणदण आवाज करत चाललेले. मी आईला हाताला धरून नेलं होतं. तिने नदीला धिरड्याचा तुकडा टाकला. आणि मी तिला तिथेच सगळं सांगितलं. आवाज होता म्हणून तिथे निवडलं, अर्धं तरी ऐकू जाणार नाही म्हणून. हे तुला सांगायला मला लाज वाटते आहे, पण आता लाजेचा हिशेब ठेवत नाही.

तिला सगळं ऐकू गेलं. ती नदीकडेच बघत होती. तशीच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी जुलुसच्या नावावर पाय शेकले."

घरी येईपर्यंत तिने माझा हात धरला नाही. चिखल होता, दोनदा घसरली, तरी नाही. आज सकाळी चहा ओतताना तिने विचारलं, मुकादमाला सांगितलंस का. मी नाही म्हटलं. "मग मला सांगून काय उपयोग? जुलुस तसा नाही हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

प्रोकोपी


२३ जून. अधिक सत्तावीस. रात्र नाहीच.

जुलुस,

काल कुरणावर सण झाला. विस्तवाला तूप दिलं, घोडीचं आंबवलेलं दूध वाटलं, फेर धरून नाच चालू झाला. डास आपल्यापेक्षा जास्त नाचत होते. स्पिरिदोन आणि त्याची टोळी बर्चच्या झाडांच्या सावलीत बसली होती. मी जाऊन उभा राहिलो. बसायला सांगितलं तर बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, भुसा, नमदा, टॉर्च, सहा रेघा.

ज्या हसण्याला मी पाच वर्षं घाबरलो, ते कुणी हसलंच नाही. एकाने दुधाचा पेला खाली ठेवला, एवढाच आवाज झाला. हसले असते तर बरं झालं असतं.

मग स्पिरिदोन उठला. सणाचा भरतकाम केलेला सदरा, पांढरा, नातीने शिवलेला. म्हणाला, चला. अकरा माणसं सणाच्या कपड्यांत आईच्या घरी आली. तो स्वतः खाली शिरला आणि एकेक खांबापाशी जाऊन मोठ्याने मोजत होता, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. बारा खांब. बाराही वेळा सहा. बाहेर आला तेव्हा सदऱ्याचा चिखल झाला होता. त्याने टोपी काढली आणि आईला म्हणाला, "तुझ्या पोराला मीच म्हणालो होतो, आमच्या खांबांना हात लावू नकोस. त्याचा पत्ता दे." 

त्याचं पत्र तुला वेगळं येईल. माझ्या पाकिटात घालायला तो तयार नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

प्रोकोपी


१७ जुलै. अधिक पस्तीस.

धूर आहे. पलीकडचं जंगल जळतंय, सूर्य तांब्याचा झालाय. जानेवारीपासून सत्त्याऐंशी अंशांचा फरक, एकाच माणसाने सोसायचा. तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी टपालखिडकीतल्या बाईने मला पाहिलं की ती आधीच मान हलवते.


२९ सप्टेंबर. सकाळी शून्य.

जुलुस,

लार्चची झाडं पिवळी होऊन दोन आठवड्यांत उघडी झाली. आज पहिला बर्फ. स्पिरिदोनच्या माणसांनी जॅक लावून कोपरा उचलला आणि खाली ठोकळे दिले. सूप आता ताटलीच्या मध्ये थांबतं. आईला त्याची सवय नाही, ती अजून चकती शोधते.

पाडायचं काम वसंतापर्यंत थांबलंय. इंजिनियर म्हणाले, या हिवाळ्यात जमीन खोलवर गोठून खांब धरून बसली तर घर राहील, नाही तर नाही. आईला हे कळल्यापासून ती जमिनीच्या बाजूची झालीय. फरशीवर गालिचा टाकू देत नाही. मोजे तीन जोड, वर नमद्याचे बूट, आणि खुर्चीवर बसून मला सांगते, "जमिनीला गार लागू दे. माझं काय, मी पुष्कळ शेकून घेतलंय." मी भट्टीत जास्तीचं लाकूड टाकलं की ती बाहेर काढायला लावते. मला रडू येतं आणि ती म्हणते, हवा तर घरात धूर कर, पण रडू नकोस.

तिचा खोकला परत आला आहे. हे दबाव टाकायला लिहीत नाही. लपवायचं नाही, एवढंच ठरवलंय.

प्रोकोपी


२७ ऑक्टोबर. सकाळी उणे तेरा.

जुलुस,

काल पलीकडच्या काठावरच्या खानावळीतून अक्सीन्याचा फोन आला. "तुमचा भाऊ तीन दिवसांपासून इथे आहे. रोज काठावर जाऊन उभा राहतो. बोलत नाही, पण खातो चांगलं." तुला फोनवर बोलाव म्हटलं तर थोडा वेळ नुसते पावलांचे आवाज आले, आणि मग ती म्हणाली, नको म्हणतोय. बरोबर आहे. हवेवर तरंगणारी बोट फक्त आजारी माणसं आणि टपाल नेते, म्हणून हे पत्र तिच्यातून पाठवतोय. अडीच किलोमीटरवर पत्र लिहायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली.

आईला सांगितलं. तिने उठून तुझे जुने नमद्याचे बूट पेटीतून काढले आणि भट्टीपासून लांब, गार भिंतीला लावून ठेवले. मग म्हणाली, तळ्यावरचा बर्फ काढायला यंदा घाई करू नकोस, करवतीला दोन टोकं असतात.

तुला आता एकच सांगायचं आहे. नदीवर लोक आज चालून गेले. आपल्या बाजूने मी तीन ठिकाणी भोकं पाडून बर्फ मोजला, काठाजवळ चौदा सेंटीमीटर आणि मध्याकडे अकरा भरला. प्रवाहाच्या जागी मी गेलो नाही. माणसाला अकरा पुरतो.

पण मी मोजलंय म्हणून निघू नकोस. पहार घे, दर पन्नास पावलांवर स्वतः भोक पाड, स्वतः वाकून बघ, आणि मगच पुढचं पाऊल टाक. वेळ लागू दे. मी या काठावर उभा आहे.

प्रोकोपी